भारतमंत्री मोर्ले यांची खासगी पत्रं कशी वाचावीत?

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरायचं नक्की कुणी ठरवलं, लंडननं की मुंबईनं? याचा छडा लावायचा तर जॉन मोर्ले यांचं दप्तर बघावंच लागतं. १९०५ ते १९१० या काळात ते भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार बघणारे मंत्री होते.

१. आधी दप्तर कुठे आहे ते समजून घ्या. वसाहतींचा कारभार कलोनियल ऑफिसकडे होता आणि ते कागद लंडनच्या क्यू भागात, ब्रिटनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत. हिंदुस्थानसाठी मात्र वेगळं इंडिया ऑफिस होतं. त्याच्या फायली आणि मोर्ले यांची खासगी पत्रं, दोन्ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. खासगी पत्रांचा विभाग ‘एमएसएस यूर’ (म्हणजे युरोपियन हस्तलिखितं), त्यात मोर्ले यांचा क्रमांक डी ५७३.

२. नावं पदवीसकट शोधा. मोर्ले १९०८ मध्ये व्हायकाउंट (एक सरदारकीची पदवी) झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क पुढे लॉर्ड सिडनहॅम झाले, त्यामुळे नुसतं ‘क्लार्क’ टाकून बसलात तर हाती काही लागेलच असं नाही.

३. ब्रिटिश लायब्ररीत बसून वाचायला लागणारा रीडर पास फुकट मिळतो. पत्त्याचा आणि सहीचा पुरावा मूळ स्वरूपात न्या, झेरॉक्स चालत नाही. कागद आधीच मागवून ठेवा. आत पेन नाही, फक्त पेन्सिल.

४. खरं काम इथून पुढे. वहीत दोन रकाने करा: पत्र लिहिल्याची तारीख आणि ते पोचल्याची अंदाजे तारीख. बोटीच्या डाकेला लंडनहून मुंबईला यायला साधारण दोन आठवडे लागत. टिळकांना अटक २४ जूनला, शिक्षा २२ जुलैला. म्हणजे अटकेची बातमी पत्रानं लंडनला जाऊन त्याचं उत्तर पत्रानंच परत येईपर्यंत खटला निकालाला टेकलेला! तातडीचं सगळं तारेनं चाले, म्हणून तारांची फाइलही शेजारी ठेवा. ही जुळणी केली की मोर्ले यांचा वैताग कळतो. आधी विचारलं असतंत तर टिळकांच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं असतं, असं त्यांनी क्लार्कना कळवलं होतं. अर्थात हे शिक्षा झाल्यावरचं शहाणपण, तेही खासगी पत्रातलं. तेवढ्यावरून त्यांना टिळकांचे कैवारी ठरवू नका.

५. मोर्ले यांनी १९१७ साली आपल्या आठवणी छापल्या. व्हाइसरॉय मिंटोंना लिहिलेल्या पत्रांतले उतारे त्यात आहेत. सुरुवातीला ते वाचायला हरकत नाही, पण निवड त्यांची स्वतःची, हे विसरू नका.

६. मुंबई सरकारची बाजू बघायला लंडन गाठायची गरज नाही. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात न्यायखात्याची दप्तरं आहेत.

७. टिपण घेताना पानाच्या कोपऱ्यातला पेन्सिलीनं घातलेला फोलिओ क्रमांक आधी लिहा. तो पानाला नाही, कागदाला असतो. मागची बाजू असेल तर तसं नमूद करा.