ध्रुवावर एक सीझन कामाला जाताय? जॅकेटचं राहू द्या, आधी दात दाखवून या

अंटार्क्टिकाला कामाला जायचं ठरलं की पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, जॅकेट कुठलं घेऊ. घेऊच नका. मोठा कोट, बूट, वरची पॅन्ट, जाड मिट्स हे बहुतेक देशांचे प्रोग्रॅम स्वतः देतात आणि सीझन संपला की मोजून परत घेतात, त्यामुळे हौसेने महागातलं आणलेलं सामान तिथे बॅगेतच पडून राहतं. थंडीचा बंदोबस्त ते करतात हो, पण तुमचे दात, तुमची कागदपत्रं, तुमचं बँकेचं खातं आणि तुमची झोप याचा बंदोबस्त कोणी करत नाही, आणि नेमकं तिथेच माणसं अडकतात. हे सगळं उन्हाळी सीझनबद्दल लिहितोय, म्हणजे दक्षिणेकडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हिवाळा काढणं हा वेगळा विषय आहे, तो इथे नको.

आधी एक गैरसमज. तिथे जायला शास्त्रज्ञच असावं लागतं असं नाही. मॅकमर्डो या अमेरिकन स्टेशनवर उन्हाळ्यात हजारभर माणसं असतात आणि त्यातले बहुतेक जण कुक, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, डोझर चालवणारे, गोदाम सांभाळणारे असे असतात. आपल्या मैत्री आणि भारती स्टेशनसाठी गोव्याची एनसीपीओआर ही संस्था माणसं घेते, तिथेही वेल्डर, जनरेटर मेकॅनिक, क्रेन ऑपरेटर, नर्स, कुक लागतातच. मग आपल्या ट्रेडचं सर्टिफिकेट, अनुभवाची पत्रं, लायसन्स हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये आणि झेरॉक्स वेगळ्या, हे पहिलं काम. काँट्रॅक्ट आलं की कामाचे तास नीट वाचा. मॅकमर्डोला आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला नऊ तास असं चालतं, म्हणजे ५४ तास, आणि त्याशिवाय साफसफाईची पाळी प्रत्येकावर येते. सूर्य मावळत नाही त्यामुळे दिवस संपल्यासारखा वाटतच नाही, पहिल्या पंधरवड्यात लोक त्यानेच जास्त दमतात.

आता मेडिकल. अमेरिकन प्रोग्रॅममध्ये याला सरसकट पीक्यू (फिजिकली क्वालिफाइड) म्हणतात, पीक्यू झालं का हाच प्रश्न सगळे एकमेकांना विचारत असतात. रक्त, ईसीजी, एक्स-रे आणि दात. आपल्याकडे मोहिमेवर जाणाऱ्यांची तपासणी दिल्लीच्या एम्सला होते, मानसिक चाचणी पण असते, आणि मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलीस) बर्फातलं ट्रेनिंग. ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्या, कारण अर्धवट किडलेला दात, हलणारं फिलिंग, कधीतरी ठणकणारी अक्कलदाढ हे सगळं आधी निस्तरून या असं सांगून फाइल परत पाठवतात आणि रूट कॅनाल काही एका दिवसात होत नाही. इतकी कटकट का, तर तिथे मोजकेच डॉक्टर असतात, छोटासा दवाखाना असतो, आणि हवा बिघडली तर उन्हाळ्यातसुद्धा विमान कित्येक दिवस येत नाही. १९६१ मध्ये नोवोलाझारेव्स्काया या सोव्हिएत स्टेशनवर लिओनिद रोगोझोव्ह या डॉक्टरने स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं, कारण तिथे दुसरा डॉक्टरच नव्हता. हे स्टेशन आपल्या मैत्रीच्या अगदी शेजारी आहे बरं का. चिलीच्या व्हिला लास एस्ट्रेयास वस्तीत तर मुक्कामाला जाणाऱ्यांना अपेंडिक्स आधीच काढून यावं लागायचं. उन्हाळी सीझनवाल्यांना एवढं करावं लागत नाही, घाबरू नका.

ऑल्टरनेट म्हणजे राखीव उमेदवार म्हणून निवड झाली असेल तरी मेडिकल पूर्ण करून ठेवा. मुख्य उमेदवार मेडिकलमध्ये अडकतो, नाहीतर घरचं काही निघतं, आणि फोन येतो की आठ दिवसांत निघा. अशा वेळी ज्याची फाइल तयार तोच जातो.

रोजच्या गोळ्या असतील तर पूर्ण सीझनच्या आणि वर एक महिन्याच्या, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट. चष्मा दोन, कारण हवा इतकी कोरडी असते की कॉन्टॅक्ट लेन्स त्रास देतात. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट स्टेशनला जाणार असाल तर उंचीचा विचार करा, ते २८३५ मीटरवर आहे आणि तिथल्या हवेच्या कमी दाबामुळे शरीराला त्याहून जास्त उंचीवर असल्यासारखं वाटतं. विमानातून उतरलं की एकदम तेवढ्या उंचीवर, हळूहळू चढत जाणं वगैरे काही नाही. डोकं दुखणं, झोप न लागणं, दोन जिने चढून धाप लागणं हे पहिले काही दिवस होतंच. त्यासाठीची गोळी घ्यायची की नाही हे आधीच डॉक्टरला विचारून ठेवा.

कागदपत्रांमध्ये पासपोर्टची मुदत आणि वाटेतल्या देशाचा व्हिसा बघा. मॅकमर्डोला जायचं तर क्राइस्टचर्चवरून, मैत्रीला बहुतेक केप टाऊनवरून, बाकी कोणी पुन्ता अरेनासवरून तर कोणी होबार्टवरून जातं. आणि आता ज्यावर कोणीच लिहीत नाही ते, ओटीपी. तुमच्या सिमला तिथे रेंज नसणार. बँकेत लॉगिन करायला ओटीपी, आधारला ओटीपी, ईमेलचा पासवर्ड विसरलात तर त्यालाही ओटीपी, आणि ते सगळे येणार घरी कपाटात ठेवलेल्या फोनवर. निघायच्या महिनाभर आधी एक एक खातं उघडून बघा की एसएमएसशिवाय आत जाता येतंय का, जिथे शक्य आहे तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावा, बॅकअप कोड कागदावर लिहून घ्या, आणि ते ॲप नवीन फोनवर टाकायची वेळ आली तर काय करायचं तेही आधी करून बघा. वीजबिल, इन्शुरन्सचा हप्ता, लोनचा ईएमआय ऑटोपेवर टाका, त्या खात्यात पैसे आहेत ना बघा, आणि घरातल्या एका भरवशाच्या माणसाला पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन ठेवा. नॉमिनी कोण आहे तेही तपासा, वाईट वाटून घेऊ नका. इंटरनेट आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय पण सगळ्यांना मिळून वापरायचं असतं, म्हणून सिनेमे, पुस्तकं, कामाची मॅन्युअल्स घरूनच डाउनलोड करून न्या.

उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंड गावी जाणार असाल, आपलं हिमाद्री स्टेशन २००८ पासून तिथेच आहे, तर गणित अजून वेगळं. तिथल्या अँटेना अवकाशातून येणारे अतिशय क्षीण सिग्नल पकडतात म्हणून गावात वायफाय आणि ब्लूटूथ बंद, फोन एअरप्लेन मोडवर. मग वायरचे हेडफोन, वायरचा माउस, लॅपटॉपला लॅन केबलचा ॲडॉप्टर हे न्यावंच लागतं, आणि हातातलं स्मार्टवॉच घरीच बरं. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलापासून बचावाची तयारी हवी, त्यामुळे रायफलचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. दक्षिणेला अस्वलं नाहीत, हे दरवर्षी कोणाला तरी सांगावं लागतं.

कपडे. सामानाला वजनाची मर्यादा असते, ती प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी. आतले थर तुमचे तुम्ही न्या, लोकरीचे किंवा सिंथेटिक, कॉटन बाहेरच्या कामाला नको कारण घामाने भिजलं की वाळत नाही आणि अंगावरच गार पडतं. स्टेशनच्या आत हीटिंग असतं, तिथे साधा टीशर्ट चालतो, आणि आत घालायला चांगल्या सपाता न्याच. किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास असतं, ध्रुवावर उणे पंचवीस-तीस, पण खरा त्रास वाऱ्याचा. कोट-बूट वाटप होतं त्या दिवशी घाई करू नका. सगळं एकावर एक चढवा, ग्लोव्हज घालून प्रत्येक चेन वरखाली करून बघा, खाली बसा, हात वर करा, कोट कमरेवरून वर सरकून पाठ उघडी पडतेय का बघा, बुटात दोन मोजे घालून बोटं हलतायत का बघा. बोटं हलली नाहीत तर रक्त फिरत नाही आणि मग बूट कितीही भारी असला तरी उपयोग शून्य. लाज न बाळगता बदलून मागा, त्यासाठीच ती माणसं तिथे बसलेली असतात.

त्वचेकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. बोटांच्या टोकाला, नखाच्या अगदी कडेला बारीक चीर पडते, दिसायला केसाएवढी, पण शर्टाचं बटण लावतानाही डोळ्यात पाणी येतं आणि ती भरता भरत नाही. जुनी मंडळी तिथे सुपरग्लूचा एक थेंब सोडतात आणि कामाला लागतात. मी म्हणेन वेळ तिथपर्यंत येऊच देऊ नका, सुगंध नसलेलं जाड क्रीम मोठ्या डब्यात न्या आणि रोज रात्री हाताला चोपडून कॉटनचे पातळ ग्लोव्हज घालून झोपा, कॉटनचा काय तो उपयोग. लिप बाम तीन-चार, कारण हरवतात. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखाली पण लावायचं, ऊन बर्फावरून परतून खालून येतं, त्यात वर ओझोनचं भोक. गॉगल चांगला, बाजूने झाकलेला, एक जास्तीचा. डोळ्यांवरची पट्टी आणि इअरप्लग विसरलात तर झोपेचं खोबरं, कारण मध्यरात्री ऊन आणि रूममेट नाइट शिफ्टचा.

पॅकिंगच्या आधी बॅगा, बूट, जॅकेटचे खिसे व्हॅक्यूम करा. ही नुसती फॉर्मॅलिटी नाही. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार बाहेरची झाडं-प्राणी तिथे न्यायला बंदी आहे, तरी २००७-०८ च्या सीझनमध्ये केलेल्या मोजणीत ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्या कपड्यांतून आणि सामानातून माणशी सरासरी साडेनऊ बिया निघाल्या होत्या. वेल्क्रो म्हणजे बियांचं घर, चिमटा घेऊन बसा आणि एक एक कुसळ काढा. बुटाच्या तळव्यातली माती टूथब्रशने. किंग जॉर्ज बेटावर पोआ अॅनुआ नावाचं साधं गवत असंच पोचलं आणि अजून उपटणं चालू आहे. पक्ष्यांपासून लांब राहा, मेलेल्याला तर हात लावूच नका, २०२४ मध्ये बर्ड फ्लू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडलाय.

फील्ड कॅम्पला जायची शक्यता असेल तर रुंद तोंडाची बाटली न्या, लघवीसाठी, आणि ती पाण्याच्या बाटलीपेक्षा आकाराने वेगळी हवी, वर जाड टेप गुंडाळा, म्हणजे झोपेत ग्लोव्हज घातलेल्या हातालाही कळलं पाहिजे कुठली कुठली. बायकांसाठी फनेल मिळतो, तो घरी बाथरूममध्ये वापरून सवय करून घ्या, पहिला प्रयोग तंबूत नको. पॅड किंवा कप पूर्ण सीझनचे. कचरा तिथे टाकता येत नाही, सगळा वर्गवारी करून जहाजाने परत येतो, म्हणून पॅकिंगची खोकी, प्लास्टिक घरीच काढून टाका. पाण्याची पण काटकसर, ध्रुवावर आठवड्याला दोनदा दोन मिनिटांची अंघोळ, तेव्हा केस बारीक करून गेलात तर सुखी राहाल.

फायर ड्रिल सीरियसली घ्या. थंडीपेक्षा आगीची भीती जास्त, हवा कोरडी, वारा जोराचा आणि पाणी गोठलेलं. २०१२ च्या फेब्रुवारीत ब्राझीलचं कोमांदान्ते फेराझ स्टेशन जळालं, त्यात दोघे गेले. पोचल्या दिवशीच खोलीतून बाहेर पडायचे दोन रस्ते चालून बघा आणि कोट-बूट रात्री हाताशी ठेवा.

त्रास दिला कोणी, छेडछाड झाली, तर तक्रार कोणाकडे करायची हे निघायच्या आधीच लेखी मागून घ्या, तुमच्या सुपरवायझरला वगळून जाणारा रस्ता आहे का तेही विचारा. अमेरिकन प्रोग्रॅमबद्दल २०२२ मध्ये आलेल्या अहवालानंतर हा विषय आता उघड बोलला जातो, त्यामुळे असं विचारलं म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्यातूनच काय ते समजा.

विमान अर्ध्या वाटेतून परत फिरू शकतं, बूमरँग म्हणतात त्याला, आणि मोठं सामान तेव्हा विमानातच राहतं. म्हणून हातातल्या बॅगेत दोन दिवसांचे कपडे, गोळ्या, चार्जर, ब्रश. परत येतानाही तेच, तारीख कधीही पुढे सरकते, तेव्हा घरी जायचं तिकीट बदलता येणारं घ्या आणि त्या आठवड्यात कोणाच्या लग्नाला येतो असं कबूल करू नका.