पुनःप्रवेशाचा ग्लाइड-मार्ग आखताना या चुका टाळा

अवकाशातून इंजिनाविना परतणाऱ्या पंखवाल्या यानाचा मार्ग काढताना सॉल्व्हर (समीकरणं सोडवून सर्वोत्तम मार्ग शोधणारा प्रोग्राम) अडकला, की आधी सॉल्व्हरच बदलून पाहिला जातो. दोष बहुतेक वेळा गणिताच्या मांडणीत असतो.

उंची मीटरमध्ये घेतली तर आकडा 1,20,000 आणि मार्गाचा क्षितिजाशी कोन रेडियनमध्ये उणे 0.02. एवढी तफावत असली की सॉल्व्हर ज्यावरून पुढची दिशा ठरवतो त्या ग्रेडियंटचा (उताराचा) भरवसा उरत नाही. लांबीला 6378 किमीने, वेगाला सेकंदाला 7.91 किमीने आणि वेळेला 806 सेकंदांनी भागून घ्या.

वातावरण पृथ्वीबरोबर फिरतं, हे विसरू नका. विषुववृत्तावरून पूर्वेकडे जाणाऱ्या यानाचा जडत्वीय वेग (पृथ्वीचं फिरणं न धरता मोजलेला) सेकंदाला 7.8 किमी असेल, तर हवेच्या सापेक्ष तो 7.33च भरतो. उष्णताप्रवाह वेगाच्या घनाने वाढतो, त्यामुळे इथे 7.8 घातलं की तो 20 टक्के फुगतो. पश्चिमेकडे जाताना हीच चूक उष्णता कमी दाखवते, आणि ती जास्त महागात पडते.

उंचीचा आलेख लाटांसारखा वरखाली होतोय? बँक कोन, म्हणजे यान कुशीवर कललेलं असतं तो कोन, पहिल्यापासून स्थिर धरला असेल. अशा प्रत्येक खळग्यात उष्णता उसळी मारते. लिफ्टचा (हवेच्या उचलणाऱ्या बलाचा) उभा घटक म्हणजे वजन वजा केंद्रोत्सारी बल, या समतोलातून बँक कोन काढा आणि त्यात उंची बदलण्याच्या दरावर थोडी दुरुस्ती जोडा. सुरुवातीच्या विरळ हवेत हे समीकरण बँक कोनाचा कोसाइन 1 पेक्षा मोठा, म्हणजे अशक्य, देतं. तिथे ते लावूच नका, लिफ्ट पुरेशी होईपर्यंत ठरावीक बँक ठेवा.

दिशा राखण्यासाठी बँक एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर उलटवणं क्षणात होतं असं धरणं ही नेहमीची चूक. सेकंदाला 5 अंशांच्या दराने +60 अंशांवरून −60 वर यायला 24 सेकंद लागतात. मध्यावर उभी लिफ्ट दुप्पट होते, यान वर उचललं जातं आणि पल्ला वाढतो. म्हणून बँक कोनाऐवजी त्याचा दर नियंत्रण म्हणून घ्या. दिशेच्या चुकीची मुभा फार अरुंद ठेवली, तर यान सतत कुशी बदलत राहील.

उष्णतेसारख्या मर्यादा फक्त नोडवर (सॉल्व्हर मार्गावर ज्या ठरावीक बिंदूंवर गणित करतो तिथे) तपासू नका. मिळालेलं नियंत्रण वापरून मार्ग बारीक टप्प्यांनी पुन्हा इंटिग्रेट करा, म्हणजे टप्प्याटप्प्याने मोजत न्या. उष्णतेचा कळस दोन नोडच्या मधे सापडू शकतो.

लिफ्ट आणि ड्रॅग (हवेचा अवरोध) यांच्या गुणांकांच्या तक्त्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. एप्रिल 1981 मध्ये कोलंबिया शटलच्या पहिल्या परतीत तोल राखायला बॉडी फ्लॅप (यानाच्या मागच्या टोकाखालची हलती फळी) अंदाजाच्या जवळपास दुप्पट वळवावा लागला. उच्च तापमानात हवेचं वागणं बदलतं, ते आधीच्या चाचण्यांत पुरतं उतरलं नव्हतं. लिफ्ट, ड्रॅग आणि घनता प्रत्येकी 10 टक्के वरखाली करूनही मार्ग मर्यादेत राहतो का, ते पाहा.