गोल्फ क्लबच्या ग्रिप्स घरी बदलायच्या तर हत्यारं कुठली घ्यायची

२०२२ च्या ऑगस्टात आपल्या बेळगावच्या गोल्फ कोर्समध्ये बिबट्या शिरला होता ते सगळ्यांना आठवत असेलच, जाधवनगरात एका कामगारावर हल्ला केला आणि मग तिकडं झाडीत घुसला, शोधायला शिवमोग्ग्याकडचे हत्ती आणले, आसपासच्या शाळा बंद ठेवल्या. खेळणं बंदच झालं, वरनं पाऊस, आणि माझी किट घरात पडून. त्या दिवसांत मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं क्लबच्या ग्रिप्स, म्हणजे हातात धरायच्या जागी दांड्यावर चढवलेली रबराची पकड, बदलल्या. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना करून दिल्यात, आणि परवा खानापूरच्या एका पोरानं फोन करून विचारलं, "दादा, नेमकं काय काय घेऊ तेवढं सांगा की", म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

पहिलं डोक्यात पक्कं बसवा की जुनी ग्रिप कापून टाकायचीच असते, जपायचा असतो तो शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा. कुठलंही हत्यार हातात घेतलं की बघायचं, ह्यानं शाफ्टला ओरखडा जाईल का, शाफ्ट चेपेल का. जात असेल तर ते हत्यार फुकट मिळालं तरी नको.

आता ब्लेड. सगळ्यात जास्त चूक इथंच होते. घरात कागद कापायचा कटर असतो, सरळ पात्याचा, तोच घेऊन लोक ग्रिप चिरायला बसतात. मीही तेच केलं होतं. माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटका मारायच्या क्लबचा, शाफ्ट ग्रॅफाईटचा, म्हणजे कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेली नळी, पातं रबरातनं खाली उतरलं आणि नळीवर केसासारखी बारीक रेघ पडली. हात फिरवून बघितला तर काही लागलं नाही, म्हणून सोडून दिलं आणि वर नवी ग्रिप चढवली. तीन महिन्यांनी टी वरनं, म्हणजे बॉल ठेवायच्या छोट्या खुंटीवरनं, मारताना ग्रिपच्या तोंडाशी तिथंच कट्ट करून तुटला. धागे एकदा कापले गेले की परत जोडता येत नाहीत, आणि ड्रायव्हरच्या शाफ्टची किंमत सगळ्या ग्रिप्स मिळून होते त्याच्याहून जास्त. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तर हवं ते हूक ब्लेड. आपला विळा कसा आतल्या बाजूनं कापतो, तसंच हे छोटं पातं, टोक वळलेलं आणि धार वळणाच्या पोटात. ते टोक ग्रिपच्या खालच्या तोंडात सरकवायचं आणि टोपीच्या, म्हणजे ग्रिपच्या वरच्या बंद टोकाच्या, दिशेनं ओढत न्यायचं, धार रबर वर उचलत कापते आणि पाठ शाफ्टवर नुसती घसरते. फरशीवर व्हिनाईल टाकणारे लोक हेच वापरतात. हार्डवेअरच्या दुकानात "हूक ब्लेड" म्हणून मागा, नसलं तर ऑनलाईन मिळतं, साध्या ट्रॅपेझ ब्लेडच्या, म्हणजे दोन्ही टोकं तिरपी असलेल्या चपट्या पात्याच्या, हँडलमध्येच बसतं. चांभाराची रापी चालते का असं एकानं विचारलं होतं, नाही चालत, तिची धार पुढं असते, ती खालीच जाणार. आणि कापताना ब्लेड स्वतःच्या अंगापासनं लांब जाईल असं उभं राहा, दुसरा हात पात्याच्या वाटेत नको.

व्हाईस पाहिजेच असं नाही, पण एकदा वापरला की त्याशिवाय करवत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सांगायला नको, बेंच व्हाईसचा लोखंडी जबडा कसा पकडतो ते. स्टीलचा शाफ्ट पातळ पत्र्याची नळी असते, सरळ जबड्यात धरला की चपटा झालाच, आणि ग्रॅफाईटचा तर आतल्या आत तडकतो, बाहेरनं कळतही नाही. म्हणून मध्ये खाचेचा रबर क्लॅम्प लागतो. तयार मिळतो, छोटा काळा ठोकळा असतो, घ्यायला हरकत नाही. मी घरीच केलाय, पॅकिंगच्या पेटीचं मऊ लाकूड घेतलं, मधनं १६ मिलिमीटरचं भोक पाडलं, करवतीनं भोकाच्या मधोमध दोन तुकडे केले आणि आतनं सायकलची जुनी ट्यूब चिकटवली. करवतीनं जेवढं लाकूड खाल्लं तेवढी फट राहते, ती फट दाबली की पकड बसते. हातानं फिरवून शाफ्ट फिरत नाही एवढंच आवळा, त्यापुढं हँडलला अर्धा वेढासुद्धा जास्त देऊ नका.

मापाचं हत्यार म्हणजे व्हर्नियर, दोन जबड्यांत धरून व्यास मोजायची सरकती पट्टी, आणि आपल्याकडं तो बऱ्याच घरांत असतोच, नसला तर शेजारच्याकडं असतो. जुनी ग्रिप आणि तिच्याखालची चिकट टेप काढून झाली की शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यास मोजा. बऱ्याच शाफ्टचा ०.५८० इंच म्हणजे १४.७ मिलिमीटर, नाहीतर ०.६०० इंच म्हणजे १५.२ मिलिमीटर भरतो. ग्रिपच्या आतल्या तोंडाजवळ किंवा पाकिटावर ५८ नाहीतर ६० लिहिलेलं असतं, तेच हे माप. ६० च्या शाफ्टवर ५८ ची ग्रिप ताणून बसते आणि जाड लागते, उलटं केलं तर बारीक लागते. मोजायच्या आधी ऑर्डर देऊ नका एवढंच माझं सांगणं. किचनमधला डिजिटल काटाही कामाला येतो, साधी ग्रिप ५० ग्रॅमच्या आसपास असते, नवी त्यापेक्षा फार हलकी किंवा जड असली तर क्लबचा तोल हाताला वेगळा लागतो.

जुनी टेप काढायला हेअर ड्रायर पुरतो. हीट गन नको, ग्रॅफाईटचं रेझिन उष्णतेनं मऊ पडतं. टेप कोमट झाली की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडायची, लोखंडी पट्टी किंवा पॉलिशपेपर लावायचा नाही.

नव्या टेपचं बघा. दोन इंची, दोन्हीकडनं चिकटणारी, पातळ कागदासारखी घ्या. फोमची टेप मिळते, भिंतीवर फोटो लावतात ती, ती अजिबात नको, त्यावर ग्रिप चढतच नाही आणि चढली तर गाठी येतात. शाफ्टवर उभी लावून गुंडाळायची, आणि टोकाच्या बाहेर अर्धा इंच जास्त सोडून ती नळीच्या भोकात आत मुडपायची म्हणजे सॉल्व्हंट शाफ्टच्या आत जात नाही. ज्यांची बोटं लांब आहेत त्यांनी आधी खाली साध्या मास्किंग टेपचे एकदोन थर द्यावेत, एका थरानं ग्रिप साधारण १/६४ इंचानं जाड होते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हातात घेतल्यावर कळतं.

सॉल्व्हंटवर मात्र मला जरा जोर देऊन सांगायचंय, कारण आपल्याकडं कुणालाही विचारा, "पेट्रोल टाक की" म्हणणारा एकजण भेटतोच. पेट्रोल टाकू नका. पटकन पेट घेतं, बंद खोलीत वाफ कोंडते, आणि इतकं लवकर उडतं की ग्रिप अर्ध्यात अडकते, ती मग ना वर ना खाली, कापूनच काढायची. लॅकर थिनर रबर खातो. रॉकेल तेलकट राहतं, आठ दिवस ग्रिप हातात फिरते. पेंटच्या दुकानात ऑईल पेंट पातळ करायला मिनरल टर्पेंटाईन देतात, ते घ्या, अर्धा लिटर सगळ्या किटला पुरून उरतं. तेही ज्वलनशील आहेच, म्हणून स्वयंपाकघरात नको, देवघरात समई चालू असेल त्या खोलीत नको, बाहेर व्हरांड्यात बसा. हातात नायट्राईल ग्लोव्हज घाला. ज्यांना वासाचा त्रास आहे त्यांना पाण्यानं ओली करून वापरायची ग्रिप टेप मिळते, ती आणा, ग्रिप जागेवर बसवायला वेळ कमी मिळतो पण वास नाही. कंप्रेसरची हवा मारूनही चढवतात, पंक्चरवाल्याकडं जाऊन करावंसं वाटेल, पण प्रेशर जास्त झालं की रबर फुग्यासारखं फुगून फुटतं, त्यामुळं पहिल्या खेपेला तरी नको.

चढवायच्या वेळी सगळं हाताशी पाहिजे, मध्येच उठून काही आणायला जायला वेळ नसतो. खाली पेंटचा ट्रे ठेवा. ग्रिपच्या टोपीला बारीक भोक असतं ते बोटानं किंवा टी नं बंद करा, आत टर्पेंटाईन ओता, दुसरं तोंड दाबून दोनतीनदा हलवा, तेच टेपवर सगळीकडं ओता आणि न थांबता एका दमात टोपीपर्यंत ढकला. थांबलात की अडकली.

सरळ बसवायला मी गवंड्याचा ओळंबा वापरतो, नुसता दोरा आणि वजन. क्लबच्या डोक्याचं पुढचं टोक वर करून शाफ्ट आडवा पकडायचा, समोर ओळंबा सोडायचा आणि फेसची, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूची, खालची कड त्या दोऱ्याला समांतर येईपर्यंत क्लब फिरवून मग क्लॅम्प आवळायचा. आता ग्रिपवरची खूण बरोबर वरच्या बाजूला आली की ग्रिप सरळ. मिनिटभर मिळतो, तेवढ्यात पिळून जागेवर आणायची. हे डोळ्यानं करणारे बरेच आहेत, माझं डोळ्यानं दोनतीनदा तिरकं बसलं आणि बॉल डावीकडं जायला लागला, दोऱ्यानं कधी चुकलं नाही.

वाळायला उन्हाळ्यात चारपाच तास बास होतात, पण आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पूर्ण २४ तास सोडा, मगच जोरात पिळून बघा. ट्रेमधलं उरलेलं टर्पेंटाईन जुन्या बनियनच्या कापडातनं गाळून काचेच्या बाटलीत भरा, पुढच्या वेळी चालतं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतू नका, दिसायला अगदी पाण्यासारखंच असतं, घरात लहान पोरं असतात, त्यामुळं बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावायची आणि माळ्यावर चढवून ठेवायची.