घरोघरचे फोटो, कागद आणि गावचं संग्रहालय: 'स्कॅन दिवस' कसा भरवायचा

गावाचा इतिहास संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात थोडा आणि घरोघरच्या ट्रंकांत जास्त असतो: लग्नाचे ग्रूप फोटो, गिरणीचा बिल्ला, शाळा सोडल्याचा दाखला, मोडीतलं गहाणखत. लोक या वस्तू संग्रहालयाला द्यायला तयार नसतात आणि ते योग्यच आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या काळात दप्तरं मिळवायची तर प्रत्यक्ष कागदच हाती घ्यावा लागे. आता मूळ कागद घरी राहू शकतो, संग्रहालयाला त्याची चांगली प्रत आणि त्यामागची माहिती पुरते. एखादं वाचनालय किंवा ग्रामपंचायतीचं संग्रहालय हे काम एका रविवारी करू शकतं. पण फोटो स्कॅन झाला आणि त्यातली माणसं कोण हे कोणी लिहिलंच नाही, तर काम निम्मंही झालेलं नसतं.

दिवस आणि जागा

पावसाळा टाळा. दमट हवेत अल्बमची पानं चिकटतात आणि बुरशी आलेले फोटो इतर वस्तूंबरोबर टेबलावर येतात. कोकणात चाकरमानी गणपतीला येतात तसे शिमग्यालाही येतात. शिमगा कोरड्या दिवसांत येतो, म्हणून तोच धरा. देशावर चैत्रातली गावची जत्रा बरी.

सगळी बैठक वाचनालयाच्या दिवाणखान्यात घेतली तर वाडेवाल्या घरांतलेच कागद येतात. म्हणून दुसरी बैठक समाजमंदिरात, मोहल्ल्यात किंवा पालावरच्या शाळेच्या ओसरीवर ठेवा. तिथे दस्तऐवज कमी मिळतील, पण बँडपथकाचे फोटो, युनियनच्या पावत्या, मोर्चाची पत्रकं, १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात काम सुटल्यावर गावी परतलेल्या कामगारांचे पास मिळतील. या गोष्टी सरकारी दप्तरात सहसा सापडत नाहीत.

सामान आणि वेग

साधे ए-फोर आकाराचे दोन फ्लॅटबेड (सपाट काचेचे) स्कॅनर, दोन लॅपटॉप, इन्व्हर्टर, काळा चार्ट पेपर, मऊ ब्रश, स्वच्छ सुती फडकी. कागद आपोआप ओढून घेणारा फीडर वापरू नका, जुना कागद त्यात हमखास फाटतो. काच पुसायचा द्रव काचेवर फवारला तर तो कडेने आत शिरतो, म्हणून फडक्यावर घ्या. कागद हाताळताना हातमोजे नकोत. सुती मोज्यात कागदाची जाणीव राहत नाही आणि झिजलेली कड अडकून तुटते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. निगेटिव्ह आणि फोटोची चकचकीत बाजू हाताळताना मात्र नायट्राइलचे पातळ रबरी मोजे घाला, कारण बोटांचा ठसा तिथे कायमचा उमटतो.

एका फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करून नाव देईपर्यंत तीन मिनिटं धरा. पाच तासांत एका स्कॅनरवर शंभराच्या आत-बाहेर फोटो होतात. म्हणून एका घराला दहाच वस्तूंची मर्यादा ठेवा आणि हे आमंत्रणातच लिहा. नाहीतर पहिलं कुटुंब चार अल्बम घेऊन येतं आणि बाकीचे कंटाळून परत जातात.

टेबलांची रांग

पहिल्या टेबलावर पावती. कार्बन लावलेलं पावतीपुस्तक, वस्तूंची संख्या आणि दोघांच्या सह्या. वस्तू मालकाच्या नजरेआड जाऊ द्यायची नाही. "राहू द्या, उद्या नेतो" असं ते म्हणाले तरी ठेवून घेऊ नका.

संमतीपत्रात तीन वेगळ्या चौकटी हव्यात: संग्रहालयात प्रत ठेवायची, गावात प्रदर्शनात लावायची, इंटरनेटवर टाकायची. पुष्कळ जण पहिल्या दोन्हींना हो म्हणतात आणि तिसरीला नाही. एकच 'मला मान्य आहे' असं छापलं तर हा नकार नोंदवायला जागाच राहत नाही. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो टिपा. छायाचित्राचा स्वामित्वहक्क फोटो ज्याच्या घरात आहे त्याचाच असेल असं नाही. पत्राचा हक्क लिहिणाऱ्याचा.

दुसऱ्या टेबलावर क्रमांक. वर्ष, घर, वस्तू, म्हणजे २०२६-०१४-०३. मूळ वस्तूवर काही लिहू नका, चिकटवू नका. क्रमांकाची चिठ्ठी स्कॅन करताना बाजूला ठेवा. फाइलचं नाव फक्त हा क्रमांक, तोही इंग्रजी आकड्यांत, म्हणजे कुठल्याही संगणकावर फाइल उघडते आणि क्रमाने लागते. माहितीचा तक्ता युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या नोंदी दुसरीकडे उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात, आणि मग सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

तिसऱ्या टेबलावर स्कॅन. चार बाय सहा इंची फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या छोट्या प्रतींना १२००, ए-फोर कागदाला ३०० ते ४००. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्येच. डाग, शाईचा रंग, हाताने भरलेला गालांचा गुलाबी रंग हीसुद्धा माहिती आहे. आपोआप सुधारणा, धूळ काढणं, धार वाढवणं हे सगळे पर्याय बंद. स्कॅनची मूळ प्रत टिफ या दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवा, चार बाय सहाची फाइल साधारण २६ एमबी होते. वाटायला वेगळी जेपेग काढा. पातळ कागदावरची मागची शाई पुढे दिसत असेल तर पाठीमागे काळा चार्ट पेपर ठेवा, अक्षर स्वच्छ येतं.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका. चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो दात साफ करायच्या बारीक धाग्याने, कोपऱ्यातून सावकाश करवतीसारखा ओढत सुटतो. अडला तर अख्खं पान स्कॅन करा. सेलोटेप ओढू नका. बुरशी आलेला कागद वेगळ्या टेबलावर, मास्क लावून. तो उन्हात वाळवायची सवय घरोघर आहे, पण उन्हात फोटो वळतो आणि वरचा थर तडकतो. सावलीत, हवेशीर जागी ठेवायला सांगा.

ओळख पटवणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या आणि बोलायला गावातलंच, घाई नसलेलं माणूस बसवा. ग्रूप फोटोची ए-फोर प्रिंट काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्यावर पेन्सिलीने आकडा घाला, आणि आकड्यानुसार नावं लिहा. 'डावीकडून तिसरा' असं लिहिलं की मागच्या रांगेत अर्धवट दिसणारा माणूस मोजायचा की नाही यावर पुढे घोळ होतो.

नाव विचारताना बायकांची नावं सुटतात. 'अमुक यांची पत्नी' एवढ्यावर थांबू नका. सासरचं नाव, माहेरचं नाव आणि माहेरचं गाव विचारा. माहेरच्या नावावरूनच दुसऱ्या घरातल्या फोटोतली तीच मुलगी ओळखू येते. घरातलं हाकेचं नावही लिहा: अण्णा, आक्का, बाबी. जुन्या पत्रांत तेवढंच असतं.

"कोणत्या सालचा?" याला उत्तर मिळत नाही. "पानशेतच्या पुराआधीचा?", "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही जन्मली होती का?", "बाहत्तरच्या दुष्काळात ही विहीर होती?" याला मिळतं. १९६१, १९६७, १९७२ अशा खुणा तक्त्यात आधीच लिहून ठेवा, त्यात तुमच्या गावचा पूर, आग, धरण यांची भर घाला.

कागद स्वतःही साल सांगतो. किंमत आण्यात असेल तर छपाई बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ ची. 'मुंबई राज्य' असं छापलेलं पत्र १ मे १९६० पूर्वीचं. पत्त्यात पिनकोड छापला असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मोडी कागदावरच्या सालाचं इसवी सन काढायला, शक असेल तर ७८ मिळवा, दख्खनी फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९०, सुहूर सन (मराठेशाहीत चालणारी कालगणना) असेल तर ५९९. वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात होत असल्याने उत्तर एका वर्षाने पुढे सरकू शकतं. सुहूर सन आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो: 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, ११७५, म्हणजे इ. स. १७७४-७५. मोडी त्याच दिवशी वाचण्याचा हट्ट नको. स्कॅन, साल आणि कागद कोणत्या घरचा, एवढं झालं की पुरे. वाचणारी माणसं तयार करायला पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग आहेत, तिथे गावातली दोन मुलं पाठवा.

एक बाब आधीच ठरवा. जातीच्या दाखल्यासाठी कुणबी नोंदी शोधणं सुरू झाल्यापासून लोक जुनी रजिस्टरं शोधत येतात. संग्रहालयातली स्कॅन प्रत म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, त्याची नक्कल तहसीलमधूनच मिळते, हे फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. दत्तक, वाटण्या, जात, आजार यांचा उल्लेख असलेले कागद घरच्यांना विचारल्याशिवाय उघड करू नका, संमतीपत्रावर तिन्ही चौकटींत खूण असली तरी.

साठवण आणि परतफेड

फाइलींच्या तीन प्रती: एक संग्रहालयाच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गावाबाहेर. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे काय झालं ते पाहिलेल्यांना तिसऱ्या प्रतीचं कारण सांगावं लागत नाही. पेन ड्राइव्हवर विसंबू नका. वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून पाहा.

घरच्यांनाही मूळ कागद कसे ठेवायचे ते सांगा. लॅमिनेशन नको, रबरबँड नको, टाचण्या नकोत. धुऊन खळ काढलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडात कागदांचं गाठोडं, म्हणजे रुमाल, बांधा. दप्तरं बांधायचं लाल जाड कापड, म्हणजे खारवा, ओला झाला की त्याचा रंग कागदावर उतरतो. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, काठावर, हलक्या हाताने.

दोन महिन्यांच्या आत प्रदर्शन लावा, नाहीतर लोक पुढच्या वेळी येत नाहीत. आठ बाय बारा इंची प्रिंट पाच मिलिमीटर सनबोर्डवर, चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, फोटोखालच्या ओळी चोवीस पॉइंटांच्या अक्षरात. मूळ वस्तू लावू नका. जागा संग्रहालयापेक्षा बाजारच्या दिवशी एसटी स्टँडजवळ किंवा शाळेत बरी. ज्यांची ओळख पटली नाही ते फोटो मुद्दाम लावा, खाली पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा: 'यातलं कोणी ओळखता?' प्रत्येक चिठ्ठीवर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घ्या, आणि आठवड्याच्या आत तक्त्यात चढवा. एकाच चेहऱ्याला दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा, कोणी काय सांगितलं ते लिहून. खरं कोणतं ते पुढे तिसऱ्या घरातल्या फोटोवरून कळू शकतं.