मेनफ्रेमचा बॅकअप डिस्कवर उतरवताना सूची कशी ठेवावी

मुंबईच्या फोर्टमधल्या एका जुन्या कंपनीच्या ईडीपी (संगणक) विभागात मी टेप लायब्ररी सांभाळली, पुढे त्याच टेपा सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रेवर उतरवण्याचं कामही केलं. आता ज्यांची मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक) बंद व्हायची आहे किंवा झालीच आहे, अशा कार्यालयांतली मंडळी विचारत असतात, की या डिस्कची यादी नेमकी करायची कशी? बहुतेकांची यादी डिस्क क्रमांक, फाइलचं नाव आणि तारीख एवढ्यावर संपलेली असते. पीसीवरच्या कागदपत्रांना तेवढं पुरतं. मेनफ्रेमच्या डेटाला पुरत नाही.

पीसीवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ कुठे संपली याचं चिन्ह फाइलच्या आतच असतं. मेनफ्रेमवरच्या डेटासेटमध्ये, म्हणजे तिथल्या फाइलमध्ये, सहसा असं चिन्ह नसतं. एक रेकॉर्ड किती बाइटचा, सगळे रेकॉर्ड एकाच लांबीचे की कमीजास्त, ब्लॉक (एकत्र लिहिलेल्या रेकॉर्डचा गट) केवढा, ही माहिती डेटासेटच्या बाहेर राहते. डेटासेट डॅझडीवर, म्हणजे मेनफ्रेमच्या डिस्कवर, असेल तर व्हीटॉकमध्ये, म्हणजे त्या डिस्कच्या अनुक्रमणिकेत, टेपवर असेल तर टेपच्या लेबलमध्ये. फाइल डीव्हीडीवर उतरवली की ती बाहेरची माहिती मागेच राहते आणि तुमच्या हाती नुसते सलग बाइट येतात. समजा फाइल १,०६,४०० बाइटची आहे. तिच्यात १३३ बाइटचे ८०० रेकॉर्ड असू शकतात, नाहीतर ८० बाइटचे १,३३०. दोन्ही भागाकार निःशेष जातात. खरं कोणतं, हे फाइलच्या आकारावरून कळत नाही. ते सूचीनेच सांगायला हवं. म्हणून फाइल कुठे आहे याच्याइतकीच ती कशी वाचायची याचीही नोंद ठेवा.

मशीन चालू आहे तोवर

मेनफ्रेम अजून चालू असेल तर सगळ्यात आधी तिच्याकडूनच माहिती काढून घ्या. आयडीकॅम्स या प्रोग्रॅमच्या लिस्टकॅट सूचनेने कॅटलॉगची (सिस्टिमच्या डेटासेट-नोंदवहीची) पूर्ण यादी काढा. त्यात डेटासेटचं नाव, व्हॉल्यूम सिरियल म्हणजे टेप किंवा डिस्कचा क्रमांक (आपला व्हॉल्सर), उपकरणाचा प्रकार आणि टेपवरचा फाइल क्रमांक मिळतो. पण टेपवरच्या डेटासेटची रेकॉर्ड लांबी तिथे मिळत नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. डॅझडीवरच्या डेटासेटसाठी डीकलेक्ट चालवा किंवा आयईएचलिस्टने व्हीटॉक छापून घ्या. टेपच्या बाबतीत मात्र लेबलच वाचावं लागतं.

या यादीचे प्रिंटआउट सांभाळा आणि तीच यादी साध्या टेक्स्टमध्ये बदलून प्रत्येक डिस्कवर चढवा. सिस्टिमचा कॅटलॉग मशीनबरोबर जातो. तोच आपला सूचीपत्रक आहे अशा समजुतीत राहिलेली कार्यालयं मी पाहिली आहेत. मशीन भंगारात गेल्यावर त्यांच्याकडे खोकी भरून डिस्क उरतात आणि कोणत्या डिस्कवर काय आहे हे सांगणारं कोणी उरत नाही.

कोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेतले कॉपीबुक विसरू नका. रेकॉर्डमध्ये कितव्या बाइटपासून खाते क्रमांक, कुठून रक्कम, हे फक्त तिथे लिहिलेलं असतं. प्रत्येक डेटासेटसमोर कॉपीबुकचं नाव लिहा आणि ते कॉपीबुक त्याच डिस्कवर ठेवा, दुसऱ्या डिस्कवर नको.

नावांची भानगड

मेनफ्रेमवर डेटासेटचं नाव ४४ अक्षरांपर्यंत असू शकतं, त्यातला प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त आठ अक्षरांचा, मध्ये टिंब. सीडीच्या मूळ आयएसओ ९६६० पद्धतीच्या पहिल्या पातळीत नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन एवढीच जागा. जुन्या सीडींवर नावं म्हणूनच कापलेली दिसतात. जोलिएट या तिच्या विस्तारात ६४ अक्षरं मावतात, यूडीएफ या नंतरच्या पद्धतीत त्याहून बरीच जास्त. नव्या डिस्क यूडीएफमध्ये करा. तरीही माझा आग्रह असतो की डिस्कवरच्या फाइलला साधा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ एफ००००१, आणि पूर्ण ४४ अक्षरी नाव सूचीत लिहावं. डिस्कवरचं नाव कोणत्याही प्रोग्रॅमने कापलं तरी मग फरक पडत नाही.

टेपांच्या प्रतिमा (हुबेहूब प्रती) उतरवल्या असतील तर आणखी एका ठिकाणी लक्ष द्या. टेपवर डेटासेटच्या आधी येणाऱ्या एचडीआर१ लेबलमध्ये डेटासेटच्या नावाला फक्त १७ अक्षरांची जागा असते आणि तिथे नावाची शेवटची १७ अक्षरं येतात. फोर्ट.डिपॉझिट.लेजर.जी००४१व्ही०० आणि दादर.डिपॉझिट.लेजर.जी००४१व्ही०० ही दोन नावं इंग्रजीत लिहून उजवीकडून १७ अक्षरं मोजून पाहा. दोन्हींचं शेपूट तंतोतंत एकच निघतं. लेबल वाचून सूची भरणाऱ्याला हे दोन डेटासेट एकच वाटणार. पूर्ण नाव कॅटलॉगच्या यादीतून किंवा जेसीएलमधून (जॉब चालवण्याच्या सूचनांमधून) घ्या.

तारखेचंही तसंच. एचडीआर१ मध्ये तारीख सहा जागांत असते: पहिली जागा शतकाची, मग वर्षाचे दोन अंक, मग वर्षातला दिवस. १९०० च्या शतकासाठी पहिली जागा कोरी असते, २००० नंतर तिथे ० येतो. ३१ मार्च १९९९ ही कोऱ्या जागेपुढे ९९०९० अशी दिसेल आणि ३१ मार्च २००० ही ००००९१ अशी, कारण ते लीप वर्ष. वर्षअखेरीचे लेजर शोधताना हा एक दिवसाचा फरक हमखास आडवा येतो. सूचीत तारीख नेहमीच्या पद्धतीनेही लिहा आणि लेबलवर आहे तशीही लिहा.

जीडीजीच्या, म्हणजे एकाच नावाने क्रमाने निघणाऱ्या डेटासेटच्या, पिढ्यांची नोंद करताना कंसातला उणे एक, उणे दोन कधीही वापरू नका. जेसीएलमध्ये उणे एक म्हणजे त्या दिवशीची मागची पिढी. पुढच्या महिन्यात नवी पिढी तयार झाली की उणे एकचा अर्थ बदलतो. सूचीत जी००४१व्ही०० असा पूर्ण क्रमांकच हवा.

फाइल खाली कशी आणली, ते लिहा

हा रकाना मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कुठे सापडत नाही.

मेनफ्रेमवर अक्षरं एबसिडिक या संकेतपद्धतीत असतात, पीसीवर आस्कीत. एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणण्याच्या पद्धतीने) फाइल टेक्स्ट म्हणून आणली तर वाटेत भाषांतर होतं. निव्वळ मजकुराची फाइल असेल तर चालून जाईल. पण हिशेबाच्या फाइलमध्ये रकमा कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड डेसिमलमध्ये असतात, एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटी चिन्ह. १२,४०५ ही रक्कम हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) १२ ४० ५सी अशी साठवली जाते, शेवटचा सी हे धन चिन्ह. भाषांतर करणाऱ्याला ती रक्कम आहे हे माहीत नसतं. ४० हा एबसिडिकमधला स्पेस, त्याचा आस्कीतला स्पेस म्हणजे २० होतो. ५सी ही चांदणी, तिची २ए होते. १२ तसाच राहतो. हाती येतं १२ २० २ए. आणि ए हेसुद्धा धन चिन्ह म्हणून चालतं, त्यामुळे पुढचा प्रोग्रॅम काहीही तक्रार न करता १२,२०२ रुपये दाखवतो. कोणाच्या तरी ठेवीतले २०३ रुपये गेले आणि कुठेही चूक म्हणून नोंद नाही. म्हणून हस्तांतर बायनरीतच करा आणि सूचीत "बायनरी, एबसिडिक, कोड पेज ०३७" असं स्पष्ट लिहा. कोड पेज (कोणत्या बाइटला कोणतं अक्षर याचा तक्ता) ०३७ आहे की ५०० हेही लिहायला हवं, कारण चौकोनी कंस, उद्गारचिन्ह अशी काही चिन्हं त्या दोघांत वेगवेगळ्या जागी आहेत.

कमीजास्त लांबीच्या रेकॉर्डपुढे चार बाइटचा आरडीडब्ल्यू असतो. पहिल्या दोन बाइटमध्ये त्या रेकॉर्डची लांबी, ते चार बाइट धरून. बायनरी एफटीपी हे चार बाइट गाळून टाकतं, जोवर तुम्ही आधी साइट आरडीडब्ल्यू ही सूचना देत नाही. ते गळले की एक रेकॉर्ड कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे सापडणं फार कठीण. सूचीत "आरडीडब्ल्यू आहे" किंवा "नाही" असा एक शब्द पुरतो.

याहून सोपा रस्ता म्हणजे आधी अमाटर्स या दाबून बांधणाऱ्या प्रोग्रॅमने डेटासेट बांधून घेणं. मूळ आकाराची माहिती त्या गठ्ठ्यातच राहते, आणि तो पीसीवर उलगडणारी खुली साधनंही उपलब्ध आहेत. मात्र बांधलेला गठ्ठा स्वतः १,०२४ बाइटच्या ठरावीक रेकॉर्डचा असतो. सूचीत दोन्ही लिहा: बाहेरचा १,०२४ आणि आतला मूळ आकार. एडीआरडीएसएसयू (डीएसएस) या प्रोग्रॅमने काढलेला डंप बांधला असेल तर तसं वेगळं लिहा, कारण तो उलगडल्यावरही परत डीएसएसच लागतं.

ज्या कार्यालयांत ३९९५ सारखी ऑप्टिकल लायब्ररी (डिस्कची काडतुसं आपोआप बदलणारं यंत्र) होती, त्यांनी ओएएम या साठवण व्यवस्थेची रचना समजून घ्यावी. तिथे एका काडतुसाच्या दोन बाजू म्हणजे दोन स्वतंत्र व्हॉल्यूम, प्रत्येकीला आपापला व्हॉल्सर. सिस्टिमच्या कॅटलॉगमध्ये कलेक्शनचं (ऑब्जेक्टच्या गटाचं) नाव तेवढं असतं. त्यातला कोणता ऑब्जेक्ट (साठवलेली फाइल) कुठे आहे हे डीबी२ या डेटाबेसच्या तक्त्यांत नोंदलेलं असतं. ते तक्ते आधी उतरवून घ्या, काडतुसं नंतर बाहेर काढा. काडतुसाच्या नोंदीत दोन्ही बाजूंचे व्हॉल्सर शेजारी शेजारी लिहा.

डिस्क, क्रमांक आणि कपाट

डिस्कला सहा जागांचा क्रमांक द्या, व्हॉल्सरसारखाच. अर्थ भरलेले क्रमांक टाळा. विभागाचं नाव बदलतं, शाखा एकमेकींत मिसळतात, क्रमांक मात्र तोच राहायला हवा. मापाचा अंदाज आधी घ्या: मेनफ्रेमच्या ३३९०-३ डिस्कचा पूर्ण पॅक म्हणजे ३,३३९ सिलिंडर, सुमारे २.८४ अब्ज बाइट, तो ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत बसतो. ३३९०-९ साडेआठ अब्ज बाइटचा, त्याला २५ जीबीची ब्लू-रे घ्या. एक डेटासेट दोन डिस्कवर तोडायची वेळ आणू नका.

लॅमिंग्टन रोडवर डिस्क घेताना वरचं ब्रँडचं नाव बघून थांबू नका. एकाच ब्रँडच्या डिस्क वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात. डिस्कच्या आत उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक असतो, तो ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरने वाचता येतो. सूचीत तो लिहा आणि सोबत रायटरचं मॉडेल लिहा. उद्या त्या लॉटमधली एक डिस्क वाचेनाशी झाली तर बाकीच्या कोणत्या तातडीने उतरवायच्या हे दोन मिनिटांत कळेल.

डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनाने फक्त क्रमांक लिहा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २००३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अशा डिस्कसाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. दिवसा एसी आणि रात्री बंद, अशा खोलीपेक्षा आतली, भिंतीला ओल नसलेली, सारख्या तापमानाची खोली बरी. डिस्क उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. कपाटाचा खालचा खण रिकामा सोडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुसरा संच मुंबईबाहेर, पुण्याला किंवा नाशिकला ठेवा, आणि कोणती प्रत कुठल्या कपाटात कुठल्या खणात, हा रकाना सूचीत दोन्ही प्रतींसाठी वेगळा असू द्या.

पडताळणी

डिस्क लिहून झाली की फायनलाइज करा (लेखन बंद करा) आणि दुसऱ्याच ड्राइव्हमध्ये घालून पूर्ण वाचा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (बाइटवरून काढलेली ओळख-संख्या) डिस्कवर चढवण्याआधी काढून सूचीत ठेवा आणि वाचल्यावर ताडून पाहा. टेपच्या प्रतिमेसाठी डेटासेटच्या शेवटी येणाऱ्या ईओएफ१ लेबलमधला ब्लॉकचा आकडा प्रत्यक्ष मोजलेल्या ब्लॉकशी जुळवा. दरवर्षी प्रत्येक लॉटमधल्या काही डिस्क वाचून "शेवटचं वाचन" या रकान्यात तारीख घाला.

पण चेकसम जुळला याचा अर्थ एवढाच, की बाइट बदललेले नाहीत. ते बरोबर वाचता येतात का, यासाठी कंट्रोल टोटल लागते. डेटासेट उतरवण्याच्या दिवशीच मेनफ्रेमच्या रिपोर्टवरून रेकॉर्डची संख्या आणि एखाद्या रकमेच्या रकान्याची बेरीज सूचीत उतरवून घ्या. मग या कामात कधीच नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला एक डिस्क आणि सूचीची छापील प्रत द्या आणि ती बेरीज काढायला सांगा. तुम्ही शेजारी बसू नका. त्यांनी तुम्हाला फोन करून जे काही विचारलं, रेकॉर्ड केवढा, आरडीडब्ल्यू आहे का, कॉपीबुक कुठलं, ते सूचीत राहून गेलेलं आहे. त्याच दिवशी तो रकाना वाढवा आणि आधीच्या सगळ्या डिस्कसाठीही भरा.