जीपीजी आणि युबिकी यांच्यातील संवादाची मांडणी लिनक्सवर कशी करावी

लिनक्सवर जीएनयूपीजी (संक्षेपाने जीपीजी, म्हणजे मजकूर कूटबद्ध करण्याचे व त्यावर डिजिटल सही करण्याचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांपुढे एक अडचण वारंवार उभी राहते. युबिकी, म्हणजे गुप्त की सांभाळणारी छोटी सुरक्षा-किल्ली, यूएसबी पोर्टमध्ये लावलेली असते, ब्राउझरमध्ये तिच्या साहाय्याने लॉग-इनही नीट होते, पण टर्मिनलमध्ये ‘जीपीजी --कार्ड-स्टेटस’ ही आज्ञा दिली की ‘सिलेक्टिंग कार्ड फेल्ड: नो सच डिव्हाइस’ असे उत्तर येते. अशा वेळी किल्लीच बिघडली असे समजून तिचा ओपनपीजीपी भाग (जीपीजी वापरते तो भाग) रीसेट करू नये, कारण त्यामुळे त्यातील प्रायव्हेट की, म्हणजे सही करण्याच्या व मजकूर उलगडण्याच्या गुप्त की, कायमच्या पुसल्या जातात. दोष बहुधा किल्लीत नसून तिच्याशी कोणी आणि कोणत्या मार्गाने बोलायचे, या ठरावात असतो.

युबिकी ५ मालिकेतील किल्ली संगणकाला एकाच वेळी तीन रूपांत दिसते: ओटीपीसाठी कीबोर्ड, फिडोसाठी (वेबसाइटवर किल्लीने लॉग-इन करण्याची पद्धत) एचआयडी म्हणजे कीबोर्ड-माउसच्या वर्गातील उपकरण आणि ओपनपीजीपी, पीआयव्ही (प्रमाणपत्रांवर आधारित ओळख) व ओएथसाठी (ठरावीक वेळेचे लॉग-इन कोड) सीसीआयडी प्रकारचे, म्हणजे यूएसबीवरील स्मार्टकार्ड रीडरच्या प्रमाणित पद्धतीचे, स्मार्टकार्ड रीडर. ब्राउझर फिडोच्या मार्गाने जातो, म्हणून सीसीआयडीच्या मार्गात कितीही अडथळा असला तरी त्याचे काम थांबत नाही. या दुसऱ्या मार्गावर मात्र दोन दावेदार असतात. जीएनयूपीजीचा एससीडीमन (स्मार्टकार्डाशी बोलणारा, पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्रॅम) आपल्या अंगभूत सीसीआयडी ड्रायव्हरने किल्ली थेट ताब्यात घेऊ पाहतो, तर युबिको ऑथेंटिकेटर (लॉग-इन कोड दाखवणारे अ‍ॅप) किंवा ओपनएससीसारखी स्मार्टकार्डाची साधने पीसीएससीडी या लिनक्सवरील स्मार्टकार्ड सेवेमार्फत तिच्यापर्यंत पोहोचतात; आणि ज्याने आधी ताबा घेतला, तो दुसऱ्याला आत येऊ देत नाही. पूर्वी अंगभूत ड्रायव्हरला किल्ली मिळाली नाही, तर एससीडीमन आपणहून पीसीएससीडीकडे वळत असे. २०२१ मध्ये आलेल्या जीएनयूपीजीच्या २.३ आवृत्तीपासून ही सोय राहिली नाही, त्यामुळे मार्ग आता आपणच निश्चित करावा लागतो.

पुढील आज्ञा व पर्याय देवनागरीत दिले असले, तरी टंकताना ते रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावेत. प्रथम पीसीएससीडी बसवलेले आहे आणि त्याची सेवा सुरू आहे, याची खात्री करावी. नंतर होम फोल्डरमधील ‘.जीएनयूपीजी’ या लपलेल्या फोल्डरात ‘एससीडीमन.कॉन्फ’ ही फाइल उघडून, आणि ती नसल्यास तयार करून, तिच्यात ‘डिसेबल-सीसीआयडी’ एवढीच ओळ लिहावी. या ओळीने अंगभूत ड्रायव्हर बंद होतो आणि सर्व व्यवहार पीसीएससीडीमार्फत होऊ लागतात. आधीपासून चालू असलेला एससीडीमन ही फाइल पुन्हा वाचत नाही, म्हणून ‘जीपीजीकॉन्फ --किल एससीडीमन’ ही आज्ञा देऊन तो थांबवावा. गरज पडताच जीपीजी-एजंट हा जीएनयूपीजीचा की सांभाळणारा प्रोग्रॅम तो पुन्हा सुरू करतो. आता कार्ड-स्टेटस विचारले असता रीडरचे नाव, अनुक्रमांक आणि पिनच्या उरलेल्या संधी दिसायला हव्यात. संधींच्या तीन आकड्यांपैकी मधला रीसेट कोडचा (अडकलेला पिन नव्याने ठरवण्याच्या कोडचा) असतो. तो कोड ठेवलेला नसेल तर तेथे शून्य दिसते आणि त्यात चिंतेचे काही नाही.

ज्यांच्या संगणकाला जीएसटी किंवा कंपनी कायद्याची विवरणपत्रे भरण्यासाठी डीएससीचे (डिजिटल सही प्रमाणपत्राचे) टोकनही लावलेले असते, त्यांना एकाहून अधिक रीडर दिसू शकतात. त्यांनी ‘पीसीएससी_स्कॅन’ या साधनाने रीडरचे नेमके नाव पाहून ते त्याच फाइलमध्ये ‘रीडर-पोर्ट’ या पर्यायापुढे लिहावे.

इतके करूनही एक मर्यादा उरते. एससीडीमन पीसीएससीडीमार्फत बोलतानाही कार्ड एकट्यासाठी राखून ठेवतो, त्यामुळे सही केल्यानंतर लगेच ऑथेंटिकेटर उघडल्यास त्याला किल्ली सापडत नाही. यावर ‘पीसीएससी-शेअर्ड’ हा पर्याय आहे, पण जीएनयूपीजीची अधिकृत पुस्तिकाच त्याला काहीसा धोकादायक म्हणते: कार्डावर आपलाच ताबा आहे असे गृहीत धरून एससीडीमन त्यातील काही माहिती स्वतःजवळ साठवतो आणि मध्येच दुसऱ्या प्रोग्रॅमने कार्डाची स्थिती बदलली, तर हे गृहीतक कोसळते. दुसऱ्या प्रोग्रॅमने पीआयव्ही निवडले की ओपनपीजीपीसाठी दिलेला पिनही रद्द होतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. माझ्या मते दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी ऑथेंटिकेटर लागणाऱ्याने हा पर्याय घेऊच नये. ऑथेंटिकेटर उघडण्याआधी एससीडीमन थांबवण्याची वरील आज्ञा देणे पुरेसे आहे.

ज्यांना सामाईक वापराशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी किल्लीवर स्पर्शाची अट अवश्य लावावी. त्यासाठी वायकेमॅन या युबिकीच्या मांडणीच्या साधनाची ‘वायकेमॅन ओपनपीजीपी कीज सेट-टच सिग ऑन’ ही आज्ञा देऊन अॅडमिन पिन (किल्लीची मांडणी बदलण्याचा वेगळा पिन) टंकावा. मग पिन स्वीकारला गेलेला असतानाही बोट लावल्याशिवाय सही होत नाही. ‘ऑन’ऐवजी ‘फिक्स्ड’ निवडताना मात्र पूर्ण विचार करावा, कारण ती अट नंतर नुसत्या सेटिंगने काढता येत नाही, त्यासाठी किल्लीतील ती की बदलावी लागते.

तरीही संवाद जुळत नसेल, तर ‘एससीडीमन.कॉन्फ’मध्ये ‘लॉग-फाइल’ आणि ‘व्हर्बोस’ हे पर्याय लिहून नोंदी तपासाव्यात. डीबगची पातळी वाढवल्यास या नोंदींत संवेदनशील माहिती उतरू शकते, म्हणून काम होताच ते पर्याय काढून टाकावेत, नोंदींची फाइल पुसावी आणि ती न तपासता कोणालाही मदतीसाठी पाठवू नये.