म्हशी हाकायच्या, पण कशासाठी?

मुंबईत गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या तबेल्यांमध्ये म्हशींना लसी टोचण्यात माझी नोकरी सरली. आता कर्जत-मुरबाडकडे जमीन घेऊन चार म्हशी पाळणारे मुंबईकर विचारतात, "काका, दावणीलाच चारा मिळतो, मग रोज सोडून हाकत कशाला न्यायचं?" काठी उचलण्याआधी हेच ठरवा. कसं हाकायचं ते त्यावर अवलंबून आहे.

चरायला नेत असाल तर घाई नको, म्हशी पसरू द्या. रोज एकाच जागी सोडल्या तर कोवळं गवत संपून टणटणी आणि टाकळाच उरतो. रानाचे तुकडे पाडा, चरलेल्या तुकड्याला पावसाळ्यात तीन-चार आठवडे मोकळं ठेवा. जंतांच्या अळ्या ओल्या पात्यांवर चढतात, म्हणून दव वाळल्याशिवाय सोडू नका. तळ्याकाठचं गवतही नको, तिथल्या गोगलगायींमुळे पर्णकृमी, म्हणजे यकृतातले चपटे जंत, होतात. पण म्हशीला घाम फारसा येत नाही, उन्हाळ्यात दुपारी डुंबायला किंवा नळीच्या पाण्याखाली न्यावंच लागतं.

माझ्या मते रोज हाकण्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच. चालत्या म्हशी बघितल्या की आजार दिसतो. दावणीला उभी असलेली लंगडी म्हैस कळत नाही, चालवली की लगेच कळते. नेहमी पुढे असणारी मागे रेंगाळली तर तिचा ताप बघा. म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहण्याची वेळ, बहुधा मुका असतो, ओरडणं नाही की उड्या नाहीत. सकाळी बाहेर काढताना शेपटीखाली काचेसारखी सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसली तर त्याच दिवशी कृत्रिम रेतन करणाऱ्याला फोन करा. ती वेळ हुकली तर पुढच्या माजासाठी तीन आठवडे थांबा, आणि खाऊ तर रोज घालायचंच.

लसीकरणाचा दिवस मात्र निराळा. घटसर्पाची लस पावसाआधी, लाळ-खुरकुताची दर सहा महिन्यांनी. सगळा कळप एकदम खोड्याकडे, म्हणजे लस टोचताना म्हैस अडकवायच्या चौकटीकडे, रेटू नका, चार-पाचच आणा. एखादी म्हातारी, शांत म्हैस पुढे घाला, बाकीच्या तिच्यामागे येतात. एकटी म्हैस कुठेही नेऊ नका, सोबतीण द्या.

उभं कुठे राहायचं हे खरं शिकायचं. म्हशीचे डोळे दोन बाजूंना, त्यामुळे तिला थेट मागचं दिसत नाही. तिथून गुपचूप गेलात तर लाथ खाल. बोलत बोलत बगलेने जा. खांद्याच्या जरा मागे उभे राहिलात तर ती पुढे सरकते, खांद्यापुढे आलात तर थांबते किंवा मागे फिरते. ती चालू लागली की तुम्ही लगेच सैल व्हा, तेच तिचं बक्षीस. तबेल्यात वाढलेली हात लागेपर्यंत हलत नाही. गावाकडून नवी आणलेली मात्र चार पावलांवरूनच बिचकते, तिला जागा जास्त द्या.

अडली तर काठी नको, आधी समोर बघा. गटाराची जाळी, चमकणारं डबकं, फडफडणारी निळी ताडपत्री. पावसाळ्यात मुंबईत प्रत्येक शेडवर ती असतेच! उजेडातून अंधाऱ्या गोठ्यात जायलाही म्हैस कचरते, आतला दिवा लावा. शेपूट पिरगाळणारे गडी मी पुष्कळ पाहिले. घाबरलेली म्हैस पान्हा चोरते, हे मालकाला संध्याकाळी बादलीत कळतं. म्हणून धारेआधी पळवणं नाहीच. गाभण म्हैस तर शेवटच्या दोन महिन्यांत अरुंद दारातून एकेकटीच सोडा, धक्काबुक्की होता कामा नये.

आरेला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे, बिबटे तबेल्यांच्या आसपास फिरतात. तुमच्याकडेही जंगल जवळ असेल तर अंधार पडायच्या आत कळप परत आणा, दारातच मोजा आणि रेडकं जाळी असलेल्या खोलीत घाला. एखादं कमी भरलं तर शोधायला एकट्याने जाऊ नका.